आबांच्या वाराची गाडी

वीजबिलाच्या तक्रार खिडकीवर बसून बसून माझी जीभ तिखट झाली, असं घरचे म्हणतात. साफ खोटं. ती आधीपासूनच तिखट होती, खिडकीने फक्त तिचा पगार सुरू केला. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी बऱ्याच जणांवर ओरडले आहे आणि त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही.

माझ्या वडिलांना सगळं गाव आबा म्हणायचं, मीही आबाच म्हणायचे. आई गेल्यापासून ते असोद्याला एकटेच राहायचे. भाऊ पुण्याला, मी जळगावात, लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. आबांच्या किडन्या निकामी झाल्या तेव्हा डॉक्टरांनी आम्हा बापलेकीला समोर बसवून सरळ सांगितलं. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास मशीनवर. पाळी चुकवायची नाही. चुकली की अंगात पाणी साठणार, रक्तात पोटॅशियम चढणार आणि हृदय कधीही बंद पडू शकणार. आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग केळं?" जन्म केळीच्या बागेत गेलेला माणूस, दुसरं काय विचारणार? डॉक्टर म्हणाले, केळं अजिबात नाही. "आंबा?" तोही नाही. आबा माझ्याकडे वळून म्हणाले, "मंग जगाचं तरी काहाले?" डॉक्टर हसले. मला काही हसू आलं नाही.

असोदा काही लांब नाही. नीट रस्ता मोकळा मिळाला तर गप्पा संपायच्या आत जळगाव येतं. पण प्रश्न जाण्याचा नव्हता, परत येण्याचा होता. चार तासांनी मशीनवरून उठलेल्या माणसात जीव नसतो. बीपी खाली गेलेलं, पायात गोळे, हाताला सुयांच्या जागी पट्ट्या. लेकीच्या घरी मुक्काम करायला आबा तयार नव्हते, आणि असते तरी तीन मजले त्यांना चढवणार कोण? म्हणून आठवड्यातून तीनदा, न चुकता, नेणारं आणि आणणारं काहीतरी हवं होतं.

आधी आबांच्या एका पुतण्याची मोटारसायकल झाली. येताना आबांना झोप लागली आणि ते एका अंगाला कलंडायला लागले, तेव्हा पुतण्याने त्यांना उपरण्याने स्वतःच्या पाठीशी बांधून घेतलं आणि तसंच गावात आणलं. मी कपाळावर हात मारला. मग रिक्षा लावली. रिक्षावाला गडी चांगला, पण रेल्वेचं फाटक लागलं की हा उतरून चहाला जायचा, आणि आबा उन्हात ओकारी दाबत बसायचे. शेवटी मी एक खासगी रुग्णवाहिका ठरवली. ती पांढरी गाडी आमच्या दाराशी येऊन उभी राहिली आणि अर्ध्या तासात अंगणात सगळी गल्ली जमली. दोन बायांनी तर गळा काढला. आबांना ओट्यावर येऊन सांगावं लागलं, "अवं, मी मेलो नाही अजून. तपासाले जातो." तरी कुणीतरी पुण्याला कळवलंच. भाऊ फोनवर रडत होता आणि मला सांगत होता की मी निघालोय. त्याला परत फिरवता फिरवता माझ्या नाकी नऊ आले. रुग्णवाहिका त्याच दिवशी बंद केली.

मग पाहुणे मिळाले. पाहुणे म्हणजे आमचा ड्रायव्हर. हा गडी धुळ्याकडचा, अहिराणी बोलणारा, लग्न करून असोद्यातच घरजावई म्हणून राहिलेला. त्यामुळे लहानथोर सगळे त्याला पाहुणेच म्हणायचे. त्याची स्वतःची जुनी पांढरी गाडी होती. महिन्याच्या बोलीवर ठरलं: सोमवार, बुधवार, शुक्रवार. दुपारच्या पाळीला पोहोचवायचं, संध्याकाळी घरी न्यायचं. पुढची सीट त्याने पार मागे सरकवली, आबांच्या सुजलेल्या पायांना लांब होता यावं म्हणून. दवाखाना माझ्या ऑफिसच्या मागच्याच गल्लीत. जेवणाच्या सुट्टीत मी दवाखान्याच्या फाटकाशी उभी राहायची, आबांना मशीनपर्यंत पोहोचवायची आणि परत खिडकीवर. मला वाटलं, चला, सुटलो एकदाचे.

काही दिवसांनी मी फाटकाशी उभी असताना गाडी आली. पुढून आबा उतरले. मागचं दार उघडलं आणि एक म्हातारी उतरली. मग तिची सून. मग एक्स-रे काढायला निघालेले एक नाना. मग मेथीची एक गोणी, आणि गोणीमागून तिचा मालक. मी पाहतच राहिले. सगळ्यांनी मला "बरी आहे का, बाई?" विचारलं आणि आपापल्या कामाला पांगले.

"हे काय चाललंय, पाहुणे?" मी विचारलं.

"ताई, बठ्ठी सासरवाडी शे मनी. कोनले नही म्हनू?"

सगळं गावच याची सासरवाडी, हा नाही म्हणणार कुणाला? मी आबांकडे मोर्चा वळवला. आबा म्हणाले, "गाडी रिकामी जाते, अन् मानसं पारावर उभी राह्यतात. मी तोंड कुठी लपवू?" आमच्याकडे ही एक गोष्ट आहे. गाडीत जागा असताना वाटेत ओळखीचा माणूस उभा दिसला आणि तुम्ही काच वर करून निघून गेलात, तर तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. आणि असोद्यात आबांच्या ओळखीचा नसलेला माणूस कुठून आणायचा? म्हटलं, जाऊ दे. मशीनची वेळ सांभाळली म्हणजे झालं.

ती एकदा सांभाळली गेली नाही, आणि त्याचं कारण आखाजी.

अक्षय्य तृतीयेला बाकीचे लोक सोनं घेतात. आम्ही तिला आखाजी म्हणतो आणि लेकी माहेरी आणतो. झाडांना झोके बांधतात, बाया दिवसभर गाणी म्हणतात. पण लेक आपली आपण बसमध्ये बसून येत नाही. तिला आणायला माहेरचा माणूस जावा लागतो, मुराळी म्हणतात त्याला. त्यातून लग्नानंतरची पहिली आखाजी असेल आणि मुराळी गेला नाही, तर त्या पोरीला सासरी वर्षभर ऐकून घ्यावं लागतं.

आबांचा स्वयंपाक शेजारच्या काकू करायच्या. भाज्या चिरून गरम पाण्यात ठेवायच्या, पाणी फेकून द्यायच्या, मग बेचव भाजी आबांपुढे वाढताना स्वतःच तोंड वाईट करायच्या. त्यांच्या लेकीचं लग्न त्याच हिवाळ्यात पहूरला झालेलं. काकूंचे यजमान नाहीत आणि मुलगा सुरतेला कामाला. ऐन वेळी त्याला रजा मिळाली नाही. काकू रडायला लागल्या. आबा म्हणाले, "मी जातो ना मुराळी. शुक्रवारी गाडी आहेच."

शुक्रवारी! बेत असा होता की पहाटे निघायचं, पोरीला घ्यायचं, दुपारपर्यंत परस्पर दवाखान्यात यायचं. ज्या गावाच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्या गावाने हा बेत माझ्यापासून मात्र अगदी व्यवस्थित लपवला.

पहूरला ते वेळेवर पोहोचले. पण मुराळ्याला जेवू घातल्याशिवाय लेक पाठवतात का कुठे? खापरावरचे मांडे, पुरण, आमरस असा सगळा घाट घातला गेला आणि त्यात सकाळ गेली. पानावर बसताना आबांनी सांगितलं, मले पथ्य आहे, आमरस चालत नाही. आता आमच्याकडे पाहुणा आधी नाहीच म्हणतो. नको नको म्हणणं ही पाहुण्याची रीत आणि वाढत राहणं ही घरच्यांची. विहीणबाईंनी आबांचं नाही हे रीतीतलंच नाही धरलं. पहिली वाटी नको म्हटली म्हणून दुसरीही वाढली. आबांना सगळं माहीत होतं. पण व्याह्याच्या घरी पानात रस टाकून उठायचं आणि नव्या पोरीला बोल ऐकायला लावायचे, हे काही त्यांच्याच्याने झालं नाही. दोन्ही वाट्या त्यांनी संपवल्या.

मी फाटकाशी उभी होते. फोन लागत होता, कुणी उचलत नव्हतं. जेवणाची सुट्टी संपली. आतल्या माणसाने येऊन सांगितलं की मशीन दुसऱ्या पेशंटला द्यावं लागलं. मी ऑफिसात जाऊन अर्धी रजा टाकली आणि परत येऊन उभी राहिले. अपघात झाला असेल असं धरूनच मी चालले होते. गाडी आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आबांना पाय उचलता येत नव्हते. ओठ काळपट पडलेले, शब्द अडखळत होते. स्ट्रेचर आणलं, छातीला तारा लावल्या, इंजेक्शनं दिली, कुठलंसं मशीन रिकामं करून त्यांना त्यावर घेतलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की अजून थोडा उशीर झाला असता तर मशीनची गरज पडली नसती.

बाहेरच्या बाकावर ती पोर बसली होती. नवं लुगडं, हातभर बांगड्या, मांडीवर सासरहून दिलेली मांड्यांची टोपली. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "तुझ्या झोक्यापायी माझा बाप गेला असता." ती म्हणाली, "ताई, सासूबाई बघत होत्या. मीच आबांना डोळ्यांनी खुणावलं, घ्या म्हणून." आणि ती ओक्साबोक्शी रडायला लागली. मी तिला पाणी आणून दिलं, पण बोलले ते काही परत घेतलं नाही.

आबा वाचले. दुसऱ्या दिवशी मी पाहुण्यांना दम भरला: गाडीत आबांशिवाय एक जरी माणूस दिसला तरी दुसरी गाडी लावीन. पाहुण्यांनी मान खाली घातली.

त्यानंतर गाडी अगदी वेळेवर यायला लागली. पुढे आबा, मागे रिकामी सीट. पाहुणे सांगायचे, पारावरून जाताना लोक मुद्दाम दुसरीकडे बघतात आणि आबा मांडीवरची पिशवी चाचपत बसतात. फाटकाशी उतरल्यावर पूर्वी आबा मला सगळ्या बातम्या द्यायचे. कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, कुणी बागेत टिश्यू कल्चरची रोपं लावली. आता म्हणायचे, "चाल, घे आत." पाऊसपाणी सुरू झालं त्या सुमाराला एका बुधवारी गाडी रिकामीच आली. आबांनी येणार नाही म्हणून सांगितलं होतं. मी तशीच स्कूटर काढून असोद्याला गेले.

"काय झालंय?"

"काही नाही. आज नको वाटते."

"नको वाटते म्हणजे? हे काय सिनेमाला जायचंय?"

"उद्या पाहू."

"उद्या तुमचं मशीन नाही, आबा!"

ओढून नेलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी इतकी ओरडले की माझाच आवाज बसला. काकू दारातून सगळं ऐकत होत्या. पहूरच्या प्रकारानंतर त्या माझ्यासमोर यायला बिचकायच्या, पण त्या दिवशी पुढे आल्या. म्हणाल्या, "बाई, रागावू नको. आधी मानसं खोळंबतीन म्हनून ते सकाळीच आंघोळ करून ओट्यावर बसत. आता त्याहीची वाट कोन पाह्यते? मशीन?"

मला संताप आला. काकूंचा नाही. एवढा शिकलेला डॉक्टर, एवढं महागाचं मशीन, एवढी मी, आणि हा माणूस जगणार कशासाठी, तर मेथीची गोणी वेळेत जळगावला पोहोचावी म्हणून! पण पर्याय होता कुठे? मी पाहुण्यांना हाक मारली आणि म्हटलं, "बसवा तुमची सासरवाडी. पण वाट वाकडी करायची नाही. पुढच्या सीटवर आबांशिवाय कुणी बसायचं नाही. आणि कुणी त्यांच्या हातात खायला काही ठेवलं तर त्याला मी बघून घेईन." आबा ओट्यावरून म्हणाले, "ऐकलं का, पाव्हने? साहेबीन बाईचा हुकूम आहे." बऱ्याच दिवसांनी ते माझी टिंगल करत होते.

पुढे वर्ष-दीड वर्ष चांगलं गेलं. गावात "आबाचा वार" असा शब्दच पडला. दाखवायला जायचंय? आबाच्या वारी जाऊ. कोर्टाची तारीख आहे? आबाच्या वारी आहे का बघ. लोक डॉक्टरांकडून तारखाही तशाच मागून घ्यायचे. काकूंची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तीही तपासणीला याच गाडीने. माझ्याशी बोलताना ती आधी चाचरायची, मग चाचरायची थांबली. आबांना आंघोळ कर म्हणून सांगावं लागत नव्हतं. ते पाणी मोजून पीत होते, केळीच्या बागेत बसून केळ्याला हात लावत नव्हते. मला तर वाटायला लागलं होतं की हे असंच चालत राहणार.

मग हातातली शीर बंद पडली. सुया टोचायला जोडून घेतलेली असते ती. मानेत नळी बसवली, तिला जंतुसंसर्ग झाला, थंडी वाजून ताप यायला लागला. दुसऱ्या हातात शीर जोडली, ती धरलीच नाही. मशीनवर बीपी इतकं खाली जायचं की चार तास कधी पुरे होत नव्हते. आबा बारीक होत गेले. डॉक्टर म्हणाले, मोठ्या दवाखान्यात नेऊन अजून एक प्रयत्न करता येईल. मी हो म्हटलं. भावानेही हो म्हटलं. आबांनी "पाहू" म्हटलं.

त्या सोमवारी गाडी वेळेवर आली. मी पुढचं दार उघडायला हात घातला. सीट रिकामी होती. सीटवर आबांची दवाखान्याची पिशवी होती, तेवढीच. मागून काकूंची लेक बाळाला घेऊन उतरली, त्याला लस द्यायची होती. एक नाना उतरले, एक म्हातारी उतरली. कुणी माझ्याकडे बघेना.

"आबा?"

पाहुणे म्हणाले, "आबासनी सांगं, तुम्ही जा. गाडी रिकामी लई जावानी नही."

"अहो, पण ते स्वतः?"

काकूंची लेक म्हणाली, "ताई, ते म्हणाले, मानसं खोळंबतीन, निघा. आम्ही किती म्हटलं. आई पाया पडली त्यांच्या." तिचे डोळे भरले होते.

मी त्याच गाडीने असोद्याला गेले. आबा आंघोळ करून, स्वच्छ धोतर नेसून ओट्यावर बसले होते. मी काय काय बोलले ते आता सगळं आठवत नाही. ओरडले, हात जोडले, भावाला फोन लावून त्यांच्या कानाशी धरला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुह्याशी भांडाले जोर लागते. तेवढा नाही राह्यला आता." आणि थोड्या वेळाने, "ते लेकरू पोचलं का? लस होती त्याची."

"पोचलं," मी म्हटलं.

डॉक्टरांना मी फोनवर विचारलं की आता काय करू. ते म्हणाले, जे मागतील ते द्या. संध्याकाळी आबांनी केळं मागितलं. मी बागेतून आणवलं, सोललं, लहान लहान तुकडे केले. त्यांनी सावकाश सगळं खाल्लं. मी समोर बसून पाहत होते आणि मला त्यांचा हात धरून थांबवावंसं वाटत होतं. मी थांबवलं नाही.

आठवडा पुरा व्हायच्या आत आबा गेले.

दिवसकार्य उरकलं, भाऊ पुण्याला परतला. मला जळगावला दुपारपासून कामावर हजर व्हायचं होतं. तो सोमवार होता. पाहुण्यांना कुणी सांगितलं नव्हतं, तरी गाडी ठरल्या वेळी दाराशी येऊन उभी राहिली. मी मागे बसले. पारावर तीन-चार माणसं उभी होती. गाडी थांबली तशी सगळी मागच्या दाराशी आली आणि माझ्या शेजारी दाटीवाटी करून कोंबून बसायला लागली. एकाचा पाय बाहेर, दार लागेना.

"अहो, पुढे बसा ना कुणीतरी!" मी खेकसले. "आख्खी सीट रिकामी आहे."

कुणी हललं नाही. काकूंची लेक बाळाला घेऊन दाराशीच उभी होती. मी म्हटलं, "तू बस गं पुढे. आबांनी काय सांगून ठेवलंय? गाडी रिकामी न्यायची नाही."

ती बसली. आबांच्या पायांसाठी मागे सरकवलेली सीट तशीच होती. माझे गुडघे तिच्या पाठीला घट्ट टेकत होते. पाहुण्यांनी आरशात पाहिलं आणि विचारलं, "ताई, सीट पुढे सरकाडू का?"

मी म्हटलं, "राहू द्या."